लुवेनियाची उतरलेली पट्टी

लुवेनिया हारग्रोव्हला एल्बर्ट टिडवेलच्या बँडमध्ये जागा मिळाली ती शर्टांमुळे. ती लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर उभी असे, आणि बँडमधल्या पुरुषांचे पांढरे शर्ट दर आठवड्याला तिथेच धुवायला यायचे. ते न्यायला यायची मिस अर्डिस बँकहेड, बँडची पियानोवाली. उंच, हडकुळी, पन्नाशीला टेकलेली बाई. कामात काटेकोर, तोंडाने फटकळ. कॉलरच्या घड्या तपासता तपासता तिने आतून येणारं गाणं ऐकलं आणि मालकिणीला विचारलं, "ते आत कोण ओरडतंय?"

"हारग्रोव्हांची पोर आहे. गप्प बसवू का?"

"गप्प कशाला? बाहेर बोलवा."

लुवेनिया बाहेर आली ती घामाने निथळत, हातात एक अर्धवट इस्त्री केलेली बाही. मिस अर्डिसने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शर्ट जाळतेस का गाताना?"

"अजून तरी नाही."

"मग संध्याकाळी व्हाइन रस्त्यावर ये. गोट्यांच्या हॉटेलच्या वर, जिन्याने."

गोट्यांचं हॉटेल म्हणजे बिलियर्ड खेळायची जागा. तिच्या माडीवर टिडवेलचा बँड तालीम करायचा. टिडवेल बुटका, टापटिपीचा माणूस. सगळे त्याला प्रोफेसर म्हणत. त्याने जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण चष्मा होता. त्याने लुवेनियाला पहिला प्रश्न विचारला तो नावाचा नाही, गावाचा नाही. "पट्टी?"

"काय?"

"पट्टी, पट्टी. कुठल्या सुरात गातेस?"

"चर्चमध्ये कुणीतरी सुरू करतं," लुवेनिया म्हणाली, "मी मागून जाते."

मागे बसलेले पुरुष खो खो हसले. मिस अर्डिसने मात्र पियानोवर एकेक सूर देत तिच्याकडून एक भजन म्हणवून घेतलं, वर नेलं, खाली आणलं, आणि मान वळवून म्हणाली, "काळी दोन."

प्रोफेसरचा चेहरा उजळला. "म्हणजे बर्निसचीच! ओरिन, तुला एक अक्षर बदलायला नको. गाऊनसुद्धा तयार आहे."

ही बर्निस म्हणजे आधीची गाणारी. तिला त्यांनी जॉप्लिन गावात बसमधून उतरवून, तिकीट हातात देऊन घरी पाठवलं होतं. तिचा गुन्हा एवढाच की आवाज थकल्यावर तिने गाणी थोड्या खालच्या पट्टीत मागितली. बँडची सगळी गाणी कागदावर लिहिलेली असत, आणि लिहिणारा एकच माणूस, ट्रॉम्बोनवाला ओरिन मॅपल्स. सुंदर अक्षराचा, वाकड्या स्वभावाचा. एका गाण्याची पट्टी बदलायची म्हणजे बँडमधल्या प्रत्येकाचा कागद नव्याने लिहायचा, कारण प्रत्येकाचा सूर वेगळा. प्रोफेसरचं म्हणणं सरळ होतं. "गाणाऱ्या पोरी रस्त्यात मिळतात. ओरिन एकच आहे."

लुवेनियाने हे पहिल्याच आठवड्यात ऐकलं आणि मनात ठेवलं. बर्निसचा गाऊन तिला आखूड होत होता, त्याची दुमड उसवून तिने तो खाली सोडला, आणि ती खुर्चीवर जाऊन बसली.

खुर्ची म्हणजे अक्षरशः खुर्ची. गाणारीची जागा बँडच्या डाव्या हाताला असे. नाच चालू असेपर्यंत तिथे गाऊन घालून, हात मांडीवर ठेवून, हसऱ्या चेहऱ्याने बसायचं. तिची वेळ आली की उठायचं, एक कडवं म्हणायचं, पुन्हा बसायचं. लोक नाचायला येत, गाणं ऐकायला नव्हे. हे तिला आधी अपमानाचं वाटलं, मग सवयीचं झालं, आणि पुढे आवडायलाही लागलं. कारण त्या एका कडव्यात जोड्या जरा हळू फिरत, आणि पुढच्या रांगेतल्या बायका नवऱ्याच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत.

ब्लूजचं वेगळं होतं. ब्लूजला कागद नसे. प्रोफेसर पँटच्या शिवणीपाशी हात धरून खाली बोटं दाखवायचा, तीन बोटं म्हणजे काळी दोन, दोन बोटं म्हणजे काळी पाच, आणि बँड निघायचा. तिथे लुवेनिया कुठूनही सुरू करी. पण प्रोफेसरला ब्लूज म्हणजे घरचं जेवण वाटे, पाहुण्यांना वाढायचं नाही. बोर्डावर नाव व्हायचं ते गोड गाण्यांनी, असं त्याचं मत.

दिवस बसमध्ये जायचे. विचिटा, मस्कोगी, ओमाहा, परत विचिटा. गोऱ्यांची हॉटेलं आपल्या काळ्या लोकांना घेत नसत, म्हणून गावोगावी घरं ठरलेली होती. चर्चच्या बायका दोघातिघांना वाटून घेत, तळलेली कोंबडी, चवळी आणि मक्याची भाकरी वाढत, आणि जेवण झालं की लुवेनिया त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर गाऊनला इस्त्री करी. यजमानीण बाई बघायला उभी राहायची. "काय गं, एवढ्या फ्रिलांवर इस्त्री कोण फिरवणार? दे इकडे." लुवेनिया देत नसे. इस्त्रीतलं तिला कुणी शिकवावं असं राहिलं नव्हतं.

मध्ये तिने लग्न केलं. रेल्वेत झोपण्याच्या डब्यावर नोकरी करणारा माणूस, पॉलिश केलेले बूट, मोठं हसू. दोघंही कायम प्रवासात, ते उलट्या दिशांना. मुलगी झाली, नेलदा. मग तो एकदा ओकलंडला गेला आणि तिथून पत्र आलं, पुढे पत्रंही आली नाहीत. लुवेनियाने त्याच्यावर फार दिवस घालवले नाहीत. नेलदाला आईकडे ठेवून ती पुन्हा बसमध्ये चढली. आता त्या बसवर तीन तोंडं अवलंबून होती.

आवाजातला फरक पहिल्यांदा आईच्याच कानाला लागला. रविवारी चर्चमध्ये लुवेनिया नेहमीप्रमाणे वरच्या सुरात गाणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. दुसऱ्या भजनात आईने खालच्या रांगेतून तिची बाही ओढली.

"अगं, तू तिथं काय करतेस? इकडे ये, आमच्यात."

"मा, मी नेहमी इथेच असते."

"असायचीस. नेलदा झाली, तुझा आवाज आता माझ्यावर गेलाय. लाज कसली त्यात? देवाला खालचे सूरपण लागतात."

"प्रोफेसरला लागत नाहीत."

"मग प्रोफेसर काय देवाच्या वर बसतो का?" आई म्हणाली, आणि पुढच्या दोन बायकांनी वळून पाहिलं.

लुवेनिया खाली गेली नाही. तिने दात ओठ खाऊन ते भजन वरूनच संपवलं. पण घरी येताना तिला कळून चुकलं होतं की आई चुकत नाही. खालचा आवाज चांगला भरला होता, गूळ कढून दाट व्हावा तसा. गेलं होतं ते वरचं टोक.

बँडचं जे सगळ्यात गाजलेलं गोड गाणं होतं, त्याच्या शेवटी एक सूर होता. वर जाऊन धरून ठेवायचा, बँड खाली शांत होईपर्यंत. लोक त्या सुराची वाट बघत. बर्निसला तिथेच धाप लागायची. आता लुवेनियाला त्या गाण्याआधी हाताला घाम सुटायला लागला. पट्टी बदला म्हणायची सोय नव्हती. जॉप्लिनचं तिकीट डोळ्यांसमोर दिसे.

म्हणून तिने उपाय सुरू केले. मध आणि लिंबू. मध आणि व्हिनेगर. कांद्याचा काढा, ज्याच्यामुळे बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसेना. गाताना ती चाल थोडी वळवायला लागली, शब्द जरा मागे ठेवायचा, सूर सरळ न धरता खालून चढत जायचं, वरच्या सुरापाशी डोळे मिटायचे आणि जेवढा आहे तेवढा आवाज सोडायचा. आणि गंमत अशी, की तो सूर लागायचा! बहुतेक वेळा लागायचा. भरलेला, गोल, सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जाणारा. कधीतरी दगा द्यायचा. मस्कोगीला एकदा पार फाटला, ओमाहात दोन दिवस लागलाच नाही. तेव्हा तिने मधाची बाटली बदलली.

तिच्या मागच्याच रांगेत लॉन्झो क्रेनशॉ बसायचा, पहिला ट्रम्पेट. डोंगराएवढा माणूस, सदा काहीतरी चघळत असायचा. लुवेनिया काढा प्यायला लागली की तो नाक दाबून म्हणायचा, "बाई, तो सूर बाहेर येईल की नाही ठाऊक नाही, कांदा नक्की येतोय."

"तू तुझ्या कोंबडीच्या तंगडीकडे बघ."

"बघतोय ना. तिला तरी वास चांगला आहे."

त्या वसंतात टोपेकाच्या नाचाला एका स्थानिक पोरीला प्रोफेसरने दोन गाणी म्हणू दिली. कोवळी, बारीक, आवाज काचेसारखा स्वच्छ. लुवेनिया खुर्चीवर हसून बसली होती, हात मांडीवर. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मिस अर्डिस तिच्या शेजारी येऊन बसली, कांद्याला न जुमानता.

"प्रोफेसरने त्या पोरीचा पत्ता घेतलाय."

"असं?"

"असं. आणि शिकागोची एक रेकॉर्ड कंपनी आपली रेकॉर्ड काढायला माणूस पाठवतेय. ते गाजलेलं गाणं घेणार आहेत. तुझ्या त्या सुरासकट." मिस अर्डिस तिच्याकडे वळली. "काही सांगायचंय का तुला मला?"

"नाही," लुवेनिया म्हणाली.

"बरं," मिस अर्डिस म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे लुवेनियाला त्या वेळी कळलं नाही.

रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने व्हाइन रस्त्यावरचं एक बंद पडलेलं फर्निचरचं दुकान भाड्याने घेतलं होतं. भिंतींना गाद्या लावल्या होत्या, खिडक्यांवर घोंगड्या. जुलै महिना, भर दुपार, आणि पंखे बंद, कारण पंख्याचा आवाज तबकडीच्या मेणात उतरतो. पुरुषांनी शर्ट काढून ठेवले. लुवेनियाला गाऊनची गरज नव्हती, ती साध्या सुती झग्यात आली होती. मायक्रोफोन एकच. कंपनीचा माणूस, मिस्टर ग्रिमशॉ, गोरा, नाकावर घाम, कानाला यंत्र. तो फिरून प्रत्येकाला जागा दाखवत होता, तू पुढे, तू मागे, ड्रमवाल्या तू पार कोपऱ्यात. लुवेनिया मायक्रोफोनच्या अगदी तोंडाशी.

आधी चाचणीची तबकडी घ्यायची, ती वाजवून बघायची, मग खरी. खरी तबकडी वाजवून बघता येत नाही, वाजवली की मेण बिघडतं.

त्यांनी गाणं सुरू केलं, पण पहिल्या खेपेला शेवट येताच ग्रिमशॉने हात वर केला. "शेवटी बाईच्या सुरावर एक ट्रम्पेट ऐकू येतोय. हा कोण?"

लॉन्झो आवाज दबावा म्हणून ट्रम्पेटच्या तोंडावर धरलेल्या तपकिरी टोपीकडे बघत राहिला.

"कुणी का असेना. त्याला मागे पाठवा. त्या पडद्याच्या पलीकडे. मला नुसती बाई ऐकू यायला पाहिजे."

लॉन्झो उठला, टोपी आणि ट्रम्पेट घेऊन पडद्यामागे गेला. जाताना त्याने मिस अर्डिसकडे पाहिलं. मिस अर्डिस पियानोच्या पट्ट्यांकडे बघत होती. लुवेनियाला काहीच कळलं नाही. तिने सकाळी मध घेतला होता, घसा बरा वाटत होता, शेवटच्या सुराला तिने डोळे मिटले आणि नेहमीसारखा आवाज सोडला. जरा पोकळ वाटला. पण गाद्यांच्या खोलीत सगळंच पोकळ वाटत होतं.

मग ग्रिमशॉने चाचणीची तबकडी लावली.

लुवेनियाने त्याआधी स्वतःचा आवाज बाहेरून कधीच ऐकला नव्हता. सुरुवातीचं कडवं ऐकून तिला वाटलं, ही कोण? वाईट नाही गात. थोडी आईसारखी वाटते. मग शेवट आला. आवाज वर गेला, बारीक झाला, पायरी चुकलेल्या माणसासारखा एकदा डगमगला, आणि तिथे नुसता वारा राहिला. खाली सॅक्सोफोन आपले व्यवस्थित वाजत होते. वर काहीच नव्हतं.

तबकडी थांबली. सुई खरखरत राहिली, ती ग्रिमशॉने उचलली.

लुवेनियाने पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं, मग सगळ्या बँडकडे. कुणी बुटाकडे बघत होतं, कुणी वाद्यातली लाळ झटकत होतं. तेव्हा तिला समजलं. इतक्या नाचांना तो जो गोल, भरलेला, भिंतीपर्यंत जाणारा सूर ती आपला समजत होती, तो तिचा नव्हताच.

"लॉन्झो," ती म्हणाली, "बाहेर ये."

लॉन्झो पडद्याआडून अर्धा बाहेर आला. "मी काय केलं?"

"कधीपासून?"

"नेलदा झाल्यापासूनच म्हण की."

"आणि मस्कोगीला?"

"माझा ओठ फुटला होता तेव्हा. ओमाहात दाढ सुजली होती." त्याने टोपीची कड फिरवली. "टोपी धरून हळूच तर वाजवायचो. तुझं ते डोळे मिटणं, कपाळावर आठ्या... मला बघवायचं नाही."

"मग मला सांगायचं नाही?"

"मला वाटलं तुला माहीत आहे!" लॉन्झो खराच चकित झाला होता. "मी म्हणत होतो, बाई भलतीच मानी आहे, इतकी वर्षं झाली, साधे आभार मानत नाही!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. "म्हणजे तो सगळा कांद्याचा काढा मी फुकट प्यायले?" लुवेनिया म्हणाली, आणि मग सगळेच हसले. ती नाही हसली. ती प्रोफेसरकडे बघत होती, कारण तो हसत नव्हता.

प्रोफेसर चष्मा पुसत उभा होता. बँडचा कान म्हणून त्याची ख्याती. ती तो स्वतःच मिरवायचा. आणि त्याच्या पुढ्यात, त्याच्याच बँडमध्ये, बाई कुठली आणि ट्रम्पेट कुठला हे त्याला इतके दिवस ओळखू आलं नव्हतं.

"मिस्टर ग्रिमशॉ," तो शेवटी म्हणाला, "आपण नुसत्या बँडचं एक घेऊ. गाण्याशिवाय."

"नुसते बँड माझ्याकडे गाडाभर आहेत," ग्रिमशॉ म्हणाला. "मला बाईचं गाणं पाहिजे. नसेल तर सामान बांधतो. संध्याकाळच्या गाडीने मला सेंट लुईला जायचंय."

"अर्डिस, ती टोपेकाची पोर..." प्रोफेसर म्हणाला. लुवेनियाच्या समोरच म्हणाला.

"तिला निरोप जाऊन ती येईपर्यंत हे साहेब सेंट लुईला जेवून झोपलेले असतील," मिस अर्डिस म्हणाली.

खोलीत उकाडा मी म्हणत होता. लुवेनियाच्या डोक्यात लाँड्रीतली वाफ, नेलदाचे बूट, आईचं बाही ओढणं, सगळं एकदम येऊन गेलं. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि त्याने तिला एकाएकी हलकं वाटलं.

"प्रोफेसर," ती म्हणाली, "पांढरी एक."

"काय?"

"पट्टी. तुम्ही पहिल्या दिवशी विचारली होतीत तेव्हा मला माहीत नव्हती. आता आहे. पांढरी एक. तेच गाणं, बिनकागदाचं. ब्लूजला कागद लागत नाहीत ना? तसंच करा."

"माझं गाणं? बिनकागदाचं?" ओरिन मॅपल्स उभाच राहिला. "ते काय कोंबडी आहे, हाताने फाडून खायला? प्रत्येकाचा सूर मी..." तो बसला, ट्रॉम्बोन मांडीवर आडवा टाकला आणि हाताची घडी घातली. "वाजवा. मी ऐकतो."

प्रोफेसरने ग्रिमशॉकडे पाहिलं. ग्रिमशॉने घड्याळाकडे पाहिलं. प्रोफेसरने चष्मा चढवला आणि मिस अर्डिसला मान हलवली.

मिस अर्डिसने चार आघात दिले, सावकाश. सॅक्सोफोनवाल्यांपैकी एकाने तोंडानेच एक तुकडा गुणगुणला, शेजारच्याने त्याच्याखाली दुसरा धरला. हे त्यांना नवीन नव्हतं. ब्लूजसाठी ते हे रोज करत, एकाने ठिणगी टाकायची, दुसऱ्याने फुंकायची. पण गोड गाण्याला असं कुणी केलं नव्हतं, म्हणून आधी सगळे चाचपडत होते. तिसऱ्या सॅक्सोफोनने एक सूर लावला आणि ओरिनने डोळे मिटून घेतले, दाढ दुखल्यासारखे. पुन्हा तोच सूर आला.

"अरे देवा," ओरिन म्हणाला, "तो नको रे. खाली ये. अजून खाली. हां. आणि तू, दुसऱ्या ट्रम्पेटवाल्या, तू काय मिरवणुकीत आहेस का? थांब तिथे." मग तो उठून रांगांमधून फिरायला लागला, एकेकाच्या कानात सूर गात, शिव्या देत. शेवटी त्याने ट्रॉम्बोन उचलला, कारण खालची बाजू त्याला रिकामी वाटायला लागली.

लॉन्झोने पडद्यामागून विचारलं, "मी काय करू?"

"तू गप्प बस," ओरिन आणि लुवेनिया एकाच वेळी म्हणाले.

चाचणीला वेळ उरला नव्हता. ग्रिमशॉने गरम कपाटातून खरं मेण काढलं, खुणेचा दिवा लावला आणि बोट वर केलं. लुवेनिया गायली. डोळे उघडे होते, कारण मिटायची गरज पडली नाही. शेवटचा सूर आता तिच्या आवाक्यात होता. तो लॉन्झोच्या सुराएवढा गोल नव्हता. जरा खरखरीत होता, आणि धरून ठेवताना किंचित खाली झुकत होता, तसाच तिने तो झुकू दिला. बँड शांत झाला, दिवा विझला, आणि कुणीतरी धावत जाऊन पंखा लावला.

"झालं," ग्रिमशॉ म्हणाला. चांगलं की वाईट, ते बोलला नाही. मेण गुंडाळून तो निघून गेला. प्रोफेसरही त्याच्यामागून बाहेर पडला.

तो आठवडा लुवेनियाने आईच्या घरी काढला. तिने नेलदाचे झगे उसवून मोठे केले, आणि लाँड्रीच्या मालकिणीकडे सहज गेल्यासारखी जाऊन जागा आहे का ते बघून आली. जागा होती. रविवारी चर्चमध्ये ती आपण होऊन आईच्या रांगेत उभी राहिली. आईने पुस्तक तिच्याकडे सरकवलं आणि एक शब्द बोलली नाही, आईच्या मानाने हे फारच झालं.

बस निघायच्या दिवशी ती सुटकेस घेऊन गेली. जायचं की नाही हे कुणी कळवलं नव्हतं, म्हणून जाऊन उभं राहायचं असं तिने ठरवलं होतं. दाराशी प्रोफेसर एकेकाला मोजून आत घालत होता. मिस अर्डिस आधीच बसली होती आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

"मिस हारग्रोव्ह," प्रोफेसर म्हणाला. एरवी तो तिला नुसतं पोरी म्हणायचा. "मला तुमच्याशी काही बोलायचं नाही. ओरिनला आहे. तो मागच्या बाकावर बसलाय. सबंध रस्ताभर तुम्ही त्याच्याजवळ बसायचं आणि तुमचा आवाज कुठपर्यंत जातो, कुठपर्यंत नाही, ते खरं खरं सांगायचं. खरं."

"हो."

"आणि माझ्या कानाविषयी बँडमध्ये चर्चा नको."

"नाही होणार," लुवेनिया म्हणाली. चर्चा तर बस सुटायच्या आधीच सुरू झाली होती.

ओरिनने तिला जागा करून दिली नाही, तिने ती स्वतः करून घेतली. विचिटा येईपर्यंत तो तिला गाणी विचारत होता आणि ती सांगत होती, हे उतरव, हे चालेल, इथे मला धाप लागते. त्याचा चेहरा प्रत्येक गाण्यागणिक लांब होत गेला. "हे मला तीन वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर एव्हाना लिहून झालं असतं," तो म्हणाला.

"तीन वर्षांपूर्वी तू मला जॉप्लिनला उतरवलं असतंस."

"मी नाही. तो." ओरिनने पुढे प्रोफेसरच्या डोक्याकडे बोट केलं, आणि मग थोड्या वेळाने, "मीपण, बहुतेक."

पानं गळायला लागली तेव्हा रेकॉर्ड बाजारात आली. कागदी चकतीवर टिडवेलचं नाव मोठं, आणि खाली बारीक अक्षरांत 'गायनासह'. गाणारीचं नाव घालायची पद्धत नव्हती. देवाचं गाणं नाही म्हणून आईने ती घरात वाजवू दिली नाही, पण शेजारच्या घरी बसून दोनदा ऐकली, असं शेजारणीने सांगितलं.

ओरिनने त्या हिवाळ्यात एकेक करत गाणी पुन्हा लिहिली. सगळी उतरवता आली नाहीत. दोन गाण्यांचे सॅक्सोफोन खाली आणले की चिखलात पाय रुतल्यासारखे वाजत, ओरिनने सगळे प्रयोग करून पाहिले आणि हात टेकले. ती दोन टोपेकाच्या पोरीला गेली. ती बँडमध्ये आली, तिच्यासाठी लुवेनियाच्या शेजारी दुसरी खुर्ची मांडली गेली. त्या गाण्यांच्या वेळी लुवेनिया हात मांडीवर ठेवून बसून राहायची आणि ऐकायची. लॉन्झोला तिने बजावून ठेवलं होतं की टोपी खाली ठेवायची, पोरीला तिचं तिचं गाऊ द्यायचं. पोर चांगली गायची. लुवेनिया तसं म्हणायचीही, कुणी विचारलं तर.